लस चांगली, पण टोचणारा हातही तयार हवा



बियाणे कितीही नामांकित असले, तरी ते ओलीत ठेवले, फार खोल पेरले किंवा वापसा नसताना पेरले, तर उगवत नाही. मग आपण पिशवीवरचे नाव पाहून कंपनीला दोष देतो. लसीचेही काहीसे असेच आहे. कारखान्यातून निघालेली कुपी बाळाच्या मांडीपर्यंत पोचते, तोवर ती अनेक हातांतून गेलेली असते. त्यातला शेवटचा हात नर्सबाईचा. त्या हाताला काय शिकवलेले असते, ते का शिकवलेले असते, आणि हे शिक्षण टिकावे म्हणून आपण आई-बापांनी काय करावे, ते या लेखात पाहू.

नामपल्लीला काय घडले?

मार्च २०१९ मधली गोष्ट. हैदराबादेत बरकतपुऱ्यापासून काही मैलांवर नामपल्ली आहे. तेथील शहरी आरोग्य केंद्रात लहान बाळांना नेहमीप्रमाणे पाच रोगांवरची एकत्रित लस टोचली गेली. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ‘ब’ प्रकारची कावीळ आणि हिब या जंतूंमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांपासून ही लस बाळाचे रक्षण करते. ती टोचल्यावर कधी कधी अंग तापते. म्हणून आयांच्या हाती तापाच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. त्या दिवशी पॅरासिटामॉलच्या गोळ्यांऐवजी ट्रॅमाडॉलच्या गोळ्या दिल्या गेल्या. ट्रॅमाडॉल हे मोठ्या माणसांच्या तीव्र वेदनेवरचे, अफूच्या जातीचे औषध आहे. तान्ह्या बाळाला ते दिले तर बाळ गुंगते आणि त्याचा श्वास मंदावतो. अनेक बाळांना निलोफर रुग्णालयात हलवावे लागले. काही वाचली नाहीत.

गावोगावी बातमी पोचली ती ‘लसीने मुले गेली’ अशी. लस तर निर्दोष होती. चूक झाली ती गोळ्यांची पट्टी उचलताना, तिच्यावरचे नाव वाचताना. घरातली साखर आणि फवारणीची पावडर एकाच फळीवर ठेवू नये, हे आपण शेतकरी जाणतो. दवाखान्याच्या कपाटालाही तोच नियम लागू आहे. लसीकरणाच्या टेबलावर लसीकरणाच्याच वस्तू असाव्यात, आणि देण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे नाव वाचावे. हा धडा प्रशिक्षणात अगदी पहिल्या दिवशी शिकवतात. तो रोज पाळणे हे मात्र अवघड काम आहे, कारण रांग लांब असते, पोरे रडत असतात आणि एकटी बाई काम करीत असते.

आपल्याकडेही असा प्रसंग घडला आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओच्या मोहिमेत बारा मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना इस्पितळात ठेवावे लागले. सुदैवाने सगळी बरी झाली. संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. ती व्हायलाही हवी होती. पण नुसत्या शिक्षेने पुढची चूक टळत नाही. दोन बाटल्या एकाच टेबलावर एकमेकींना खेटून का होत्या, आणि थेंब टाकण्यापूर्वी चिठ्ठी वाचण्याची सवय हातात का भिनली नव्हती, हे विचारले तरच ती टळते.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा धडा

मराठवाड्यातून रेल्वेने काचीगुड्याला उतरणाऱ्या आपल्या माणसांना बरकतपुरा ओळखीचा आहे. तेथून जवळच नल्लाकुंट्याला साथीच्या रोगांचे सरकारी रुग्णालय आहे. लोक त्याला फीव्हर हॉस्पिटल म्हणतात. त्याला नाव दिले आहे सर रोनाल्ड रॉस यांचे. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो, हे रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेस शोधून काढले. त्यांचे दुसरे एक काम तितके ठाऊक नाही, आणि त्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगवरची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये पहिल्यांदा ती स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने चालते. त्यांची लस हिंदुस्थानात लाखो लोकांना टोचली गेली. मग १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १९ माणसे लस घेतल्यानंतर धनुर्वाताने मेली. ती सगळी एकाच बाटलीतून टोचलेली होती.

दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. पुढे कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा दिसले की बाटली गावात उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणखतात असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. पण त्या १९ घरांतली माणसे परत आली नाहीत.

जमिनीवर पडलेला एक चिमटा! आज बूच नाही, चिमटा नाही, सुई एकदाच वापरायची असते. तरीही कुपी उघडताना स्वच्छता राखायची, हा नियम तिथूनच आला असे समजा.

शिकलेला हात काय काय करतो?

लसीकरणाच्या दिवशी आपण बाकावर बसून नर्सबाईंकडे पाहतो, तेव्हा त्या नुसती सुई टोचताना दिसतात. टोचणे हा त्या कामाचा सर्वांत लहान भाग आहे. बाकीचे असे असते:

पेटी भरणे. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. कारखान्यापासून उपकेंद्रापर्यंत हा थंडावा कुठेही तुटू द्यायचा नाही, याला शीतसाखळी म्हणतात. उष्णतेने लस खराब होते हे सर्वांना ठाऊक आहे. पण गोठल्यानेही काही लसी बाद होतात, हे पुष्कळांना माहीत नसते. पाच रोगांवरची ती लस एकदा गोठली की पुन्हा वितळूनही कामाची राहत नाही. म्हणून बर्फाच्या वड्या फ्रीझरमधून काढून लगेच पेटीत भरायच्या नसतात. वडीला घाम फुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत ती बाहेर ठेवायची, मगच पेटीत घालायची. घाईने भरलेली पेटी दिसायला चांगली थंड असते. आतली लस मात्र निकामी झालेली असू शकते.

कुपी पाहणे. कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत एक चौकोन छापलेला असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरता येते. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाच्या रंगाचा झाला की ती कुपी टाकून द्यायची. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे चिन्ह वाचता येईल. मात्र हे चिन्ह उष्णतेचेच सांगते, गोठल्याचे सांगत नाही; ते नर्सबाईंनाच पारखावे लागते. शिवाय मुदतीची तारीखही पाहायची असते.

लस कालवणे. गोवर-रुबेलाची आणि क्षयरोगावरची बीसीजी लस भुकटीच्या रूपात येते. तिच्याबरोबर तिच्याच कारखान्याचे द्रावक, म्हणजे कालवण्याचे पाणी येते. तेच वापरायचे, दुसरे कोणतेही नाही. कालवल्यावर कुपीवर वेळ लिहायची आणि चार तासांनंतर किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, उरलेली लस टाकून द्यायची. कालवलेल्या लसीत जंतू शिरले तर ते वाढतात आणि त्यांचे विष तयार होते. अशी शिळी लस टोचली तर काही तासांतच मुलाला जोराचा ताप, उलट्या आणि पातळ जुलाब सुरू होतात, व मूल दगावूही शकते. सकाळचे दूध उन्हात दुपारपर्यंत ठेवून कोणी बाळाला पाजत नाही. हे तसेच आहे.

सुई. आता सरकारी लसीकरणात आपोआप बाद होणारी सिरिंज वापरतात. एकदा दट्ट्या दाबला की ती पुन्हा भरताच येत नाही. आमच्या पिढीला स्टोव्हवर उकळणारा सुयांचा डबा आठवत असेल. तो काळ गेला. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही, कारण नर्सबाईंच्या स्वतःच्या बोटाला सुई टोचते ती बहुधा टोपण लावतानाच. टोचून झाले की सुई लगेच कापण्याच्या यंत्रात टाकायची.

जागा आणि खोली. पाच रोगांवरची लस डाव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला, स्नायूत, सुई सरळ धरून देतात. गोवर-रुबेलाची उजव्या दंडावर, कातडीखाली, सुई तिरपी धरून देतात. बीसीजी डाव्या दंडावर, अगदी कातडीच्या थरात देतात. तेथे वाटाण्यासारखा फुगवटा यायला हवा. बाळाच्या कुल्ल्यावर लस देत नाहीत, कारण तेथे पायाच्या मोठ्या नसेला इजा होण्याची भीती असते. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही.

अर्धा तास. लाखांत एखाद्याला लस सोसत नाही आणि अंगावर गांधी उठणे, श्वास कोंडणे, नाडी जलद पण क्षीण होणे असे प्रकार होतात. हे बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच कळते. त्यासाठी अ‍ॅड्रेनलीन हे औषध नर्सबाईंच्या पेटीत असते, आणि त्याचा पहिला डोस देण्याचे शिक्षणही आता त्यांना मिळते. पण बाळ घेऊन आपण दहा मिनिटांतच बस पकडली, तर पेटीतल्या औषधाचा काय उपयोग?

शिक्षण एकदाच होत नाही

नर्सिंगच्या शाळेत सुई धरायला शिकवतात. कित्येक मुली पहिली सुई संत्र्याला टोचतात. पण खरे शिक्षण त्यानंतर, आणि वारंवार व्हावे लागते. नवी लस आली की नवा नियम येतो. उघडलेली कुपी किती दिवस वापरायची, हेही लसीप्रमाणे बदलते. पाच रोगांवरच्या लसीची उघडलेली कुपी, नीट थंड ठेवली आणि चिन्ह चांगले असले, तर २८ दिवसांपर्यंत चालते. गोवर-रुबेलाची चार तासांच्या पुढे चालत नाही. दोन्ही नियम एकाच बाईने एकाच सकाळी लक्षात ठेवायचे असतात.

शिक्षण कसे टिकवावे याचा उत्तम नमुना आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. या स्त्रिया वर्ग संपला म्हणून घरी बसल्या नाहीत. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला येत, गावात काय घडले ते सांगत, कुठे अडले ते विचारत आणि नवे काही शिकून परत जात. चूक लपवण्यापेक्षा ती सांगून सुधारणे सोपे जाईल, असे वातावरण तेथे होते. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लस टोचणाऱ्या नर्सबाईंनाही असेच वातावरण हवे. ‘बाई, माझ्या हातून असे झाले’ हे सांगायला जिला भीती वाटते, तिच्या चुका गुपचूप वाढत जातात.

गोठ्यातही तेच

जनावरांच्या लसीला हेच नियम लागू आहेत. लाळ्या-खुरकुताची लसही थंड ठेवावी लागते आणि गोठू द्यायची नसते. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पीची साथ आली, तेव्हा प्रत्येक जनावराला वेगळी सुई वापरा असे सांगण्यात आले, कारण एका सुईने दहा जनावरे टोचली तर रोग दहा ठिकाणी पोचू शकतो. कालवडींना गर्भपाताच्या रोगावरची, म्हणजे ब्रुसेलाची लस देताना तर टोचणाऱ्याने स्वतःला फार जपायचे असते. त्या लसीत जिवंत जंतू असतात. सुई हाताला टोचली किंवा थेंब डोळ्यात गेला तर माणसालाही तो ताप जडतो. म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. कालवड धरायला आपण उभे राहतो, तेव्हा ती घट्ट धरणे हा आपला वाटा आहे.

विश्वास तुटला तर

दूर प्रशांत महासागरात सामोआ नावाचे बेटांचे छोटे राष्ट्र आहे. लोकवस्ती सुमारे दोन लाख. आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. जुलै २०१८ मध्ये तेथे गोवराची लस कालवताना द्रावकाऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली गेली आणि दोन बाळे मेली. सरकारने ती लस काही महिने बंद ठेवली. पुन्हा सुरू केली तरी आई-बाप धास्तावलेले होते. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, गोवराची साथ आली आणि ८३ जीव गेले; त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. चुकीच्या बाटलीने दोन गेली, आणि मोडलेल्या विश्वासाने त्र्याऐंशी.

२०१७ मध्ये दक्षिण सुदान देशात तर याहून वाईट घडले. एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली, लस थंड ठेवली नव्हती, आणि टोचणाऱ्यांत शिक्षण नसलेली माणसे व अगदी बारा वर्षांची मुलेही होती. पंधरा मुले मेली. हे सगळे ऐकून लस टाळावी, असा अर्थ कोणी काढू नये. घटसर्पाने नरडे बंद होऊन मुले मरत, पोलिओने पाय लुळे पडत, देवीने तोंडावर व्रण राहत, हे आपल्या आजोबा-आजींनी पाहिले आहे. ते आज पूर्वीसारखे दिसत नाही ते लसीमुळेच. हातून चुका होतात म्हणून लस सोडायची नाही. हात अधिक तयार करायचा.

आपण काय करावे?

१. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी बरोबर न्या. बाळाला आधीच्या लसीने झटके आले असतील, फार त्रास झाला असेल किंवा आज जोराचा ताप असेल, तर टोचण्यापूर्वीच सांगा.

२. चार गोष्टी विचारून घ्या: आज कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकेल, झाला तर काय करायचे, आणि पुढे कधी यायचे. नर्सबाईंना या चार गोष्टी सांगायला शिकवलेलेच असते. त्यांना राग येणार नाही.

३. गोळी किंवा औषध दिले तर त्याचे नाव आणि मात्रा मोठ्याने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्या. सुटी, पट्टीबाहेरची गोळी तान्ह्याला देऊ नका.

४. टोचल्यावर अर्धा तास तेथेच थांबा.

५. घरी आल्यावर थोडा ताप किंवा सूज आली तर घाबरू नका. अंगावर दूध पाजत राहा. टोचल्या जागी हळद, शेण, तेल किंवा पाला लावू नका. बाळ गुंगले, दूध ओढेनासे झाले, श्वास लागला, झटके आले किंवा सारखे जुलाब-उलट्या होऊ लागल्या, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा आणि गोळीची पट्टी व कार्ड बरोबर न्या.

६. काही विपरीत घडले तर आशाताईंना किंवा नर्सबाईंना लगेच कळवा. अशा प्रत्येक घटनेची नोंद आणि चौकशी करण्याची सरकारी पद्धत आहे. कधी दोष लसीचा निघतो, कधी देण्याच्या रीतीचा, आणि कधी बाळाला आधीच दुसरा आजार असतो. चौकशीविना निवाडा करू नका आणि अफवा पसरवू नका.

७. धर्मग्रामाच्या शाळेत किंवा सभागृहात लसीकरणाचे सत्र होत असेल तर सावलीची जागा, स्वच्छ टेबल, हात धुवायला पाणी आणि साबण, आणि अर्धा तास बसायला बाके, एवढी सोय आपण करू शकतो. एका तरुणाने रांग सांभाळली तर नर्सबाईंना शांतपणे कुपीवरचे नाव वाचता येईल.

आणखी एक. नर्सबाई कधी म्हणतात, ‘या कुपीचा चौकोन गडद झाला आहे,’ किंवा ‘द्रावक आले नाही, पुढच्या खेपेला या.’ आपण मजुरी बुडवून, बाळ कडेवर घेऊन चार मैल आलेलो असतो. साहजिकच चीड येते, आणि कोणी म्हणते, ‘टोचून टाका की, काय होतंय!’ हे वाक्य कृपा करून कोणी बोलू नका. नियमाला धरून नाही म्हणणारी ती बाई आपल्या बाळाचा जीव राखत असते, आणि त्या क्षणी तिला गावाच्या पाठिंब्याची सर्वांत जास्त गरज असते. पुढच्या सत्राची तारीख विचारून घ्या, कार्डावर लिहून घ्या आणि त्या दिवशी नक्की जा. जाताना शेजारणीच्या बाळालाही बरोबर न्या.